चर्चचं लग्नपूर्व शिबिर: एका माळकऱ्याच्या पोराचा अभिप्राय

लग्न ठरलं की आमच्या माण तालुक्यात आधी हॉल बघतात, मग आचारी, मग बॅन्जो. माझ्या होणाऱ्या बायकोकडे वसईत आधी शिबिर. कॅथलिक चर्चमध्ये लग्न लावायचं तर दोघांनी लग्नपूर्व शिबिराला बसायचं आणि प्रमाणपत्र आणायचं, त्याशिवाय फादर पुढचा कागद हातात घेत नाहीत. नवरा हिंदू असला तरी सुटका नाही. जायच्या आधी मी नेटवर बरंच शोधलं. पत्ता, फोन नंबर आणि कुणीतरी लिहिलेलं 'नाइस प्लेस' एवढंच हाती लागलं. आत काय होतं, काय विचारतात, धर्म बदला म्हणून मागे लागतात का, हे मराठीत कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून हा अभिप्राय. केंद्र वसई-विरार पट्ट्यातलं आहे, नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही आहे आणि ती माणसं जवळपास फुकटात राबतात.

फी दोघांची मिळून इतकी कमी की गावाकडच्या फोटोग्राफरचा ॲडव्हान्सही त्यात होणार नाही. शनिवार आणि रविवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दुपारचं जेवण आणि दोन चहा धरून. हॉल मोठा, पंखे जुने, प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर गालीलातल्या काना गावच्या लग्नाचं चित्र: येशू, पाण्याचे रांजण आणि बुचकळ्यात पडलेला वाढपी. योहानच्या शुभवर्तमानात ती गोष्ट आहे. लग्नघरी द्राक्षारस संपतो आणि येशू रांजणातल्या पाण्याचा द्राक्षारस करतो. सहा रांजण, असं फादरांनी सांगितलं. माझ्या मनात आलं, माणमध्ये लग्नात पाणीच संपतं, तिथे काय करणार?

मोठ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. धर्म बदल असं मला कुणीही म्हटलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, नंतर कागदपत्रांच्या वेळीही नाही. उलट चर्चच्या कायद्याचं सत्र घेणारे फादर सुरुवातीलाच म्हणाले की लग्नासाठी म्हणून बाप्तिस्मा घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही घाई करू देत नाही. मग त्यांनी रेव्हरंड टिळकांचं उदाहरण दिलं. ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मोडून पडल्या, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या तेव्हाही हिंदूच होत्या. बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, स्वतःच्या मनाने. टिळक कॅथलिक नव्हते हेही फादरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मला ते उदाहरण आवडलं, फक्त त्यात बदलणारा नवरा होता आणि हाल बायकोचे झाले, यावर फादर फार थांबले नाहीत. माझ्या शेजारी बसलेली मात्र थांबली. मला कोपराने ढोसून म्हणाली, "बघ."

आता त्या शिबिरातली खरी चीज. शनिवारी दुपारी जेवणानंतर, जेव्हा कुठल्याही सभेला डुलक्या लागतात, तेव्हा सिस्टरनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि जोड्या मोडून मुलगे एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला बसवल्या. कागदावर लिहायचं: हातात पगार किती येतो, कर्ज किती, कुणाकुणाला दर महिन्याला पैसे देता, लग्नानंतरही कुणाला देणार, आणि जोडीदाराला अजून सांगितली नाही अशी पैशाची एक गोष्ट. सही करायची, घडी घालायची, मग समोर बसून बदलायची. पंधरा मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही, फक्त वाचायचं.

मी लिहिलं होतं नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, विहिरीचं विकास सोसायटीचं कर्ज. ते नावावर नानांच्या आहे, फेडतो मी. तिच्या कागदावर होतं की भावाच्या गल्फच्या व्हिसासाठी तिने स्वतःच्या बांगड्या गहाण ठेवल्यात आणि वॉर्डातल्या नर्सेसच्या भिशीत ती आहे, तो नंबर लागला की आधी बांगड्या सोडवणार. आम्ही काही काल भेटलेलो नाही. कुठल्या गाडीला कुठल्या डब्यात चढायचं इथपासून एकमेकांचं सगळं माहीत आहे असा आमचा समज होता. आणि ही दोन कर्जं आम्ही एकमेकांपासून दडवूनही ठेवली नव्हती, विषयच निघाला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका जोडीत मुलगी कागद वाचून उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. सिस्टर तिच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी मुलाला खुणेने सांगितलं, तू जा. दोघं चहाच्या वेळेला आत आली. पुढे त्यांचं काय झालं माहीत नाही, पण रविवारी दोघंही आली होती.

हा खेळ नुसता खेळ नाही, हे रविवारी कायद्याच्या सत्रात कळलं. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही हे मला ऐकून ठाऊक होतं. पण लग्न मुळात झालंच नव्हतं असं चर्चचं न्यायालय जाहीर करू शकतं, आणि त्याच्या कारणांत एक असंही आहे की संसार ढवळून काढेल अशी स्वतःची एखादी गोष्ट लग्नाला होकार मिळवण्यासाठी फसवून लपवली. दुसऱ्या एका कारणात लग्न म्हणजे काय आणि आपण काय पत्करतोय हे समजण्याइतकी परिपक्वताच तेव्हा नव्हती, असं धरतात. आधी अशा निकालावर वरच्या न्यायालयाचा दुसरा निकाल लागायचाच, पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ती अट काढली. आणि चर्चने काही म्हटलं तरी सरकारी कायद्याने लग्न संपवायला कोर्टच लागतं. फादरांनी हे सगळं वकिलासारखं सांगितलं, सुरात एक थेंब उपदेश नाही. माझ्या मते अख्ख्या शिबिरात तयारी करून आलेला वक्ता हा एकच.

माझ्यासारख्यांनी इथे कान टवकारावेत. बाप्तिस्मा झालेली कॅथलिक मुलगी आणि न झालेला मुलगा, असं लग्न बिशपांच्या खास परवानगीशिवाय चर्चच्या लेखी होतच नाही. परवानगीसाठी मुलीने वचन द्यायचं असतं: मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढवायला माझ्याकडून होईल ते सगळं करीन. वचन तिचं असतं. मला फक्त सांगितलं जातं की तिने असं वचन दिलंय. मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण गावात अफवा होती की जावयाकडून लिहून घेतात. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असला तरच ते लग्न साक्रामेंत, म्हणजे चर्चचा पवित्र संस्कार. आमचं लग्न चर्च पुरेपूर खरं मानणार, पण साक्रामेंत म्हणणार नाही. हे ऐकून ती जरा हिरमुसली. मला काही फरक पडला नाही, आणि फरक पडला नाही म्हणून ती आणखी हिरमुसली.

पुढची अट आमच्या घरात अजून पचलेली नाही. चर्चमध्ये लग्न लागल्यावर किंवा आधी, पुन्हा नवरा-बायको म्हणून संमती देणारा दुसरा धार्मिक विधी करता येत नाही. म्हणजे सप्तपदी नाही. फादर म्हणाले मंगळसूत्राला अडचण नाही, त्याला आशीर्वादही देऊ. घरी पूजा, गोंधळ, जेवणावळ, थोरांच्या पाया पडणं, काय हवं ते करा. पण लग्न एकदाच. मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग अक्षता कुठं टाकायच्या आम्ही?" हा प्रश्न मी जसाच्या तसा फादरांना विचारला. त्यांनी हसून विचार केला, आणि लग्नाला येणाऱ्या वऱ्हाडाने चर्चच्या दारात, विधी आटोपून बाहेर आल्यावर, फुलं-तांदूळ टाकायला आपली हरकत नाही म्हणाले. नियम नियमाच्या जागी ठेवून वाट काढणारा माणूस दिसला की मला बरं वाटतं. आई अजून नाराज आहे, पण तांदूळ निवडायला घेतलेत.

नात्यातल्या लग्नाचा भाग आला तेव्हा मला हसू आवरेना. चर्चच्या कायद्यात सख्ख्या मामे-आते-चुलत भावंडांचं लग्न चालत नाही, खास सूट घ्यावी लागते. आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे पहिला हक्क. मामा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत ते त्याच पायी. हे मी सत्रात सांगितलं, सगळा हॉल हसला, आणि एक काका मागून ओरडले, "मग तू वसईत येऊन वाचलास!"

हे काका-काकू म्हणजे शिबिराचं दुसरं बलस्थान. संसार मुरलेली एक जोडी येऊन स्वतःचं लग्न मांडते, आडपडदा न ठेवता. काका बोटीवर होते, सहा-सहा महिने घरी नसायचे. काकू म्हणाल्या, तो बोटीवर असताना आमचं फार छान जमायचं, निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा खरं लग्न सुरू झालं. पहिल्या वर्षी त्याने माझी स्वयंपाकघरातली कपाटं लावून दिली, मी पुन्हा होती तशी केली, असं चार वेळा झालं. मग त्यांनी ठरवलं की वाद काहीही असो, संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चुकवायची नाही. एकमेकांशी बोलणं बंद असलं तरी 'नमो मरिये' अर्धं त्याने म्हणायचं आणि अर्धं तिने, ते तर तोंड उघडल्याशिवाय होत नाही. माळेची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा 'नमो मरिये'चे पाच गट, होईपर्यंत राग थोडा उतरलेला असतो.

भिंतीवर पाटी होती की जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं ते एकत्र राहतं. असल्या पाट्यांवर माझा विश्वास नाही. आमच्या गावात रोज हरिपाठाला शेजारी शेजारी बसणारे दोन सख्खे भाऊ बांधाच्या वादात दहिवडीच्या कोर्टात उभे आहेत. पण काकूंचा मुद्दा मला पटला, कारण त्यात चमत्कार नव्हता. प्रार्थनेने भांडण मिटतं असं त्या म्हणाल्याच नाहीत. अबोला मोडायला रोज एक ठरलेली वेळ मिळते, एवढंच म्हणाल्या. घरी गेल्यावर नानांना रोझरीबद्दल सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मणी किती? 59. नाना स्वतःच्या माळेवरून बोट फिरवत म्हणाले, "आमचे 108. मग तिला आमच्यात वेळ जास्त लागंल." ही त्यांची परवानगी होती असं मी धरून चाललोय.

भांडणाच्या सत्रात सिस्टरनी विचारलं, तुमच्या घरात रुसवा कसा काढतात? मुलं गप्प. मी पंढरपूरचं सांगितलं. विठोबा गाभाऱ्यात एकटा, रखुमाईचं देऊळ मागे वेगळं, कारण ती रुसून द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली आणि देव तिला शोधत तिथे आला, अशी आमच्याकडची कथा. सिस्टर म्हणाल्या, म्हणजे देवालाही जावं लागलं. मी म्हटलं, जावं लागलं, आणि तरी दोन देवळं राहिलीच. पुढच्या चहापर्यंत तीन-चार मुली माझ्या होणाऱ्या बायकोला येऊन सांगून गेल्या की आम्हालाही वेगळं देऊळ पाहिजे.

आता कुरकुर.

सर्वांत कच्चं सत्र कुटुंबनियोजनाचं. कॅथलिक चर्च गोळ्या आणि साधनं मान्य करत नाही. 1968 सालच्या पोपच्या पत्रातही ही भूमिका लेखी आहे, त्यामुळे शिबिरात नैसर्गिक पद्धतीच शिकवतात हे गृहीत धरूनच जायचं. बिलिंग्ज पद्धत शिकवली. ऑस्ट्रेलियातल्या बिलिंग्ज डॉक्टर दांपत्याने घालून दिलेली, स्त्रीने रोज स्वतःच्या शरीरातला स्राव बघून तक्ता भरायचा. पद्धतीला माझी हरकत नाही. पण स्लाइड इतक्या जुन्या की रंग उडालेले, मागच्या रांगेतली पोरं खिदळत होती आणि शिकवणाऱ्या बाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. हिने हात वर केला. ती नर्स आहे, तिला प्रश्न टाळलेले खपत नाहीत. पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल तर तक्ता कसा वाचायचा? उत्तर आलं की नंतर वैयक्तिक भेटा. तिने दुसरा विचारला, लग्नाआधी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी दोघांनी करावी हे तुम्ही का सांगत नाही? तेही नंतर भेटा. नंतर बाई गाडी पकडायला निघून गेल्या. लग्नाला बसलेल्या इतक्या जोड्या एका छपराखाली पुन्हा कधी मिळणार? एका साध्या रक्ततपासणीचं दोन मिनिटांत सांगता आलं असतं. त्या सत्राला पाचापैकी मी दीड देतो, ती शून्य देते.

दुसरी कुरकुर आमच्यासारख्या जोड्यांची. हॉलमध्ये आम्ही एकटेच नव्हतो, एक मुलगी उत्तर प्रदेशातल्या हिंदू घरची होती, एक मुलगा जैन. पण वाटलेली पुस्तिका दोघंही कॅथलिक आहेत असंच धरून लिहिलेली. 'तुम्ही दोघं मिस्सेला जाल तेव्हा', 'तुमच्या प्रथम कम्युनियनची आठवण सांगा', माझे रकाने रिकामे. मुलं कुठल्या श्रद्धेत वाढणार हा आमचा सगळ्यांत अवघड प्रश्न. त्याबद्दल नियम सांगितला, पण तो जगायचा कसा यावर अर्धा तासही नाही. नातवाला आषाढीला नाना खांद्यावर घेऊन दिंडीत नेणार, ते चालेल का? हे मला व्हरांड्यात उभं राहून विचारावं लागलं. उत्तर चांगलं मिळालं, नेऊ द्या, आजोबांना नातू मिळाला पाहिजे, पण लपवाछपवी नको, बायकोला विचारून. व्हरांड्यातलं हे उत्तर हॉलमध्ये द्यायला हवं होतं. अशा जोड्यांसाठी वेगळी सकाळ ठेवली तर मी पुन्हा फी भरून येईन.

विनोद अधूनमधून कादोडीत, म्हणजे वसईकडच्या बोलीत, व्हायचे. मला निम्मे कळले नाहीत, पण हॉल हसायचा म्हणून मीही हसायचो. लाउडस्पीकर कुरकुरतो. वेळ पाळत नाहीत, नऊ म्हणजे साडेनऊ.

जेवण मात्र वेगळंच. पोर्क इंद्याल आणि भात होता, सगळे तुटून पडले. आमच्या घरात मांस शिजत नाही, माळ नानांच्या गळ्यात असली तरी सवय मलाही तीच. मी आधी कळवलं नव्हतं. वाढणाऱ्या मावशींनी माझं रिकामं ताट बघितलं, काही न विचारता आत गेल्या आणि पाच मिनिटांत वालाची उसळ आणि गरम पोळ्या घेऊन आल्या. "वेगळ्या कढईत केलंय हां, ती कढई नाय." रविवारी माझं ताट वेगळं झाकून ठेवलेलं होतं, वर माझं नाव चिकटपट्टीवर. त्या मावशींना पाचापैकी पाच.

नुसतं जोडीदार शोधायला म्हणून कुणी येत असेल तर केंद्रात वधू-वर नोंदवहीही आहे. आम्ही चाळली. पत्रिका नाही, रास नाही, त्या जागी धर्मग्राम (म्हणजे कुठल्या चर्चचे) कुठला, शिक्षण, नोकरी आणि चर्चमध्ये काय काम करता: गायनात, युवा मंडळात, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत. आमच्याकडे 36 गुण बघतात आणि मुलगा दारू पितो का हे कुणाच्यातरी मेव्हण्याला विचारून काढतात. इथे फादर दोन्ही घरांना ओळखतात, त्यामुळे मेव्हण्याचं काम तेच करतात. मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटली, आणि जास्त धोक्याचीही. फादरांना जे दिसत नाही ते कुणालाच दिसत नाही.

हिंदू-हिंदू लग्न ठरलेल्या माझ्या दोन मित्रांना मी तो कोरा कागदाचा खेळ पाठवला. एकाने केला. दुसरा म्हणाला, हिला कर्ज सांगितलं तर लग्नच मोडेल. मी त्याला म्हटलं, मग आजच सांग. अजून सांगितलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी कामाचं. मुलीचा बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेला लागतो, सहा महिन्यांच्या आतला, घरच्या कपाटातला जुना चालत नाही. हिंदू मुलाला तो अविवाहित असल्याचा पुरावा द्यावा लागतो, मी प्रतिज्ञापत्र केलं आणि मला लहानपणापासून ओळखणाऱ्या दोघांनी साक्ष दिली. त्यातले एक नानाच असावेत असा माझा हट्ट होता, पण घरचे चालणार नाहीत म्हणाले. वयाचा पुरावा न्या. प्रमाणपत्राची मुदत विचारून घ्या. शाकाहारी असाल तर आधी कळवा, मावशींना धावाधाव नको.

आणि तारीख. हे शिबिरात कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. राख बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात चर्चमध्ये सहसा लग्नं लावत नाहीत. आमच्या नानांना पौष चालत नाही. मे महिन्यात माणमध्ये टँकर सुरू असतो, तेव्हा आल्या वऱ्हाडाला प्यायला काय देणार. पावसाळ्यात चातुर्मास. सगळं वजा करून उरतात नाताळाच्या आगेमागचे थोडे दिवस आणि पौष संपल्यापासून राख बुधवारपर्यंतची चिंचोळी फट, आणि नेमके तेव्हाच वसईतले हॉल वर्षभर आधी भरलेले असतात. तेव्हा आधी हॉल धरा, मग शिबिराला नाव घाला.